धारेवरची हाक

माघ सरत आला की रोह्याहून पेणला जाताना मी एस्टीत डोंगराच्या बाजूची खिडकी धरते. दरवर्षी ठरवते, यंदा खाडीच्या बाजूला बसायचं आणि सरळ डुलकी काढायची. पण गाडी लागली की माझे पाय त्याच बाकाकडं जातात. नागोठणं मागं पडतं, कासू जवळ येतं आणि डोंगराच्या करड्या अंगावर कुठंतरी एक तांबडा ठिपका दिसतो. सावर फुललेली असते. मग मी मान फिरवते आणि शेजारणीला विचारते, ‘तुम्हाला कुठं उतरायचं?’ तिला वाटतं, बाई बोलकी आहे.

आमचं गाव त्याच डोंगराच्या पायथ्याशी, कासू स्टेशनापासून तासाभराच्या चालीवर. भात निघालं की वाल, वाल निघाले की लग्नं, असा आमच्या वर्षाचा क्रम. लग्न म्हटलं की नवरीच्या उशा आल्या, आणि उशांना कापूस सावरीचाच लागे. बाजारातल्या कापसाच्या उशीचे दोन पावसाळ्यांत गोळे होतात. सावरीचा कापूस हलका, थंड, डोक्याखाली आहे की नाही ते कळू नये असा. त्याचं सूत निघत नाही, वात वळत नाही, दुसऱ्या कुठल्याच कामाचा नाही. नुसता झोपेच्या कामाचा. गावातल्या सगळ्या नवरीमुलींच्या उशा माझी आई भरायची. ती खोळ शिवायची, सरक्या काढलेला कापूस चिमटीचिमटीनं आत सारायची आणि शेवटचा टाका घालताना खोळीवरून एकदा हात फिरवायची. तिच्या हातची उशी घेतल्याशिवाय गावातून एक मुलगी सासरी गेलेली नाही, असं ती अभिमानानं सांगत असे. आईला अभिमान वाटावा अशा गोष्टी थोड्या होत्या, त्यातली ही एक.

सावर ही मोठी खट्याळ. वर्षभर रानात ती कुणाच्या ध्यानात येत नाही. माघात सगळी पानं टाकते आणि नुसत्या काटक्यांवर तांबड्या, जाडजूड फुलांनी भरते, तेव्हा कोसभरावरून दिसते. चैत्रात पालवी फुटली की पुन्हा हिरव्यात हरवते. आणि कापसाची बोंडं तयार होतात ती नेमकी त्या पालवीच्या दिवसांत. म्हणून आमच्या बायकांची रीत अशी, की झाड हेरायचं माघात आणि बोंडं उतरवायची चैत्रात. शाळेत आम्हाला वसंत ऋतू चैत्र-वैशाखात शिकवला. आमचा वसंत माघातच लागे, अंगावर शाल असताना.

डोंगराला आमच्या बाजूनं वाट नव्हती. पलीकडून ठाकरवाडीची पायवाट होती, पण ती फार लांबून. आमच्या बाजूला नुसतं रान. ऐन, कुडा, वाळून काड्या झालेली कारवी, करवंदीच्या जाळ्या, आणि मधूनमधून पावसाळी वहाळ, त्या दिवसांत कोरडे पडलेले, गोल दगडांचे. वाट नव्हती म्हणण्यापेक्षा बायकांनी ती पडू दिली नव्हती. एकदा चढलो तिथून पुन्हा चढायचं नाही, हा नियम. जाताना वहाळातून गेलं तर येताना सोंडेवरून यायचं. पुढल्या वेळी तिसरीकडून. मोडलेली डहाळी दिसली तर ती पानांत ढकलून द्यायची. कारण वाट पडली की वाटेनं कुऱ्हाड येते, आणि शिमग्याच्या तोंडावर कुऱ्हाड येते ती सावरीसाठीच. होळीला उंच, सरळ सावर लागते. आमच्या गावच्या पुरुषांना बायकांनी कधीच वळवून ठेवलं होतं. त्यांची होळी आंब्याच्या वठलेल्या फांदीवर भागे. पण रस्त्यापलीकडं, खाडीच्या अंगाला, खारेपाट. तिथं मिठागरं, भातखाचरं आणि खाडीचं पाणी, सावर कुठून असणार? तिथली पोरं दर शिमग्याला डोंगराकडं नजर लावून बसत. त्यांची होळी म्हणजे इभ्रतीचा प्रश्न, ज्या गावाचं झाड उंच त्या गावाचं नाक वर.

म्हणून माघी पौर्णिमेपासून शिमगा होईपर्यंत सावरीचं नाव काढायचं नाही. कुठं फुलली, किती फुलली, चकार शब्द नाही. घरातल्या पुरुषांजवळ नाही, माहेरी नाही, देवाजवळसुद्धा मनातल्या मनात. बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणणाऱ्यांनी आमच्या गावात येऊन बघायला हवं होतं.

आता झाड हेरायचं कसं, ते सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडतं. सावर दुरून दिसते, पण रानात शिरलं की दिसत नाही. समोरच्या धारेवर उभं राहिलं तर खालच्या दरीत ती ढळढळीत फुललेली असते. उतरून दरीत शिरलात की चारी बाजूंना खोडंच खोडं, आणि वर बघावं तर काटक्यांची जाळी. त्यामुळे हे दोघींचं काम. एकीनं धारेवर उभं राहायचं, नजर झाडावरून हलवायची नाही. दुसरीनं खाली उतरायचं आणि तिच्या हाकेवर चालायचं. धारेवरचीला झाडही दिसतं आणि मधूनमधून खालचीचं डोक्याचं फडकंही. खालचीला काहीच दिसत नाही. उजवं-डावं म्हणायची सोय नाही, कारण रानात वळसे घेताना उजवं कधी डावं होतं कळत नाही. आमच्याकडं दोनच दिशा होत्या. उत्तरेला पेण, दक्षिणेला रोहा. आगगाडी दिवसातून कितीदा शिटी वाजवत जायची, तिच्यावरून कळायचं कुठं पेण नि कुठं रोहा.

‘पेणंकडंऽऽ... अजून पेणंकडं... थांब. आता रोह्याच्या अंगाला धा पावलं...’

धारेवर असायची वनी. वनिता. आमच्याच आळीतली, माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी. तिला बाप नव्हता. आई दुसऱ्यांच्या शेतावर लावणी-कापणीला जायची, आणि वनी बरीचशी आमच्याच घरात वाढली. तिची नजर घारीची आणि आवाज असा, की वाऱ्यातसुद्धा फाटत नसे. मी जरा उंच, पायांत ताकद असलेली, म्हणून मी खाली. तिनं ‘थांब’ म्हटलं की मी एक पाय हवेत असला तरी थांबायची. एकदा तिनं मला सरळ करवंदीच्या जाळीत घातलं होतं. वरून तिला जाळी दिसतच नव्हती. रक्ताळलेले हात घेऊन मी बाहेर आले तर दहा पावलांवर सावरीचं खोड. ‘बघ, आनलं का नाय?’ ती वरून ओरडली. मी खालून शिव्या दिल्या, तिनं वरून परत केल्या.

त्या सकाळींचा वास मला अजून आठवतो. दव पडलेल्या वाळक्या पानांचा ओलसर वास, मग ऊन चढलं की करवंदीच्या फुलांचा गोड वास, आणि वहाळाच्या कडेला कुठंतरी रानआंब्याचा मोहर. तांबटाची टुकटुक चालू असायची. धायटीची लाल फुलं तोडून त्यातला मध आम्ही चोखायचो. सावरीखाली पोचलं की सगळी जमीन फुलांनी चिखलासारखी झालेली. वर मैना, कोतवाल, खारी यांचा गोंगाट, आणि खाली ताजे खूर, भेकर नुकतंच फुलं खाऊन गेलेलं. मी खोडाला हात लावून ‘सापडलीऽ’ अशी हाक द्यायची. मग वनी धार उतरून यायची, घामाघूम, आणि दोघी झाडाखाली बसून भाकरी नि वालाची उसळ खायचो. विसाव्या वर्षी मुलीला कुणी कुठं एकटीनं जाऊ देत नव्हतं. बाजाराला आई, जत्रेला काकू, कॉलेजला एस्टी. फक्त डोंगरावर आम्ही दोघीच. मला तेव्हा वाटायचं, आयुष्यात हे एवढं असलं तरी पुरे आहे.

एका माघात वनीला खाजकुयली लागली. वाळक्या शेंगांच्या वेलाखालून ती वाकून गेली आणि मानेपासून कमरेपर्यंत कुसं भरली. ती रडत होती, हसत होती, नाचत होती, एकाच वेळी. मी तिला वहाळाच्या खोलगट भागात नेलं, तिथं अजून बोटभर चिखल शिल्लक होता. तिची पाठ उघडी करून मी चिखल थापला, वाळू दिला, मग खरवडून काढला, पुन्हा थापला. ‘कुनाला सांगू नको गो सुले,’ ती म्हणाली. ‘सगली आळी हसंल.’ मी आजतागायत कुणाला सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा सांगते आहे.

मी पेणच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हाची गोष्ट. त्या मार्गशीर्षात वनीचं लग्न ठरलं. मुलगा खारेपाटातला, डोलवीला कंपनीत शिफ्टवर जाणारा, पायांत बूट घालणारा. स्थळ तिच्या मानानं फार चांगलं, असं सगळे म्हणत, आणि ‘तिच्या मानानं’ हे शब्द तिच्यासमोरच म्हणत. साखरपुडा झाला. त्यानंतर माघात आम्ही एकदाच डोंगरावर गेलो. तिच्या आईनं जाऊ दिलं, कारण उशा तिच्याच लग्नाच्या होत्या. तिच्या आणि आणखी दोघींच्या.

त्या दिवशी आम्हाला ती सावर सापडली. त्याआधी पाहिलेल्या सगळ्या सावरी तिच्यापुढं पोरी होत्या. दोन सोंडांच्या मधल्या खळग्यात, वाऱ्यापासून आडोशाला, सरळ सोटासारखी वर गेलेली. पहिली फांदीच दीड माणूस उंचीवर. वनीनं धारेवरून मला तासभर फिरवलं, पेण-रोहा, रोहा-पेण, आणि मी पोचले तेव्हा खालून ओ देऊन देऊन माझा आवाज बसला होता. चैत्रात चढायला सोपं जावं म्हणून खोडाचे काटे कोयत्यानं तासायचे असतात, पाय ठेवण्यापुरते. एका अंगाचे मी तासले, दुसऱ्या अंगाचे वनीनं. माझी ओळ सरळ आली. तिची वाकडी, कारण ती सारखी वर बघत होती. ‘एवढा कापूस,’ ती म्हणाली, ‘तिघींच्या उशा भरून तुझ्यासाठी पन उरंल.’ उतरताना आम्ही तिसऱ्याच सोंडेनं आलो.

पुढं फाल्गुन लागला. मी रोज सकाळी एस्टीनं पेणला जात होते. गाडीत खारेपाटातली मुलं असायची, कुणी कॉलेजची, कुणी कामावर जाणारी. मी त्यांच्याशी बोलत होते, हसत होते, नोट्स घेत होते. त्याला पाप म्हणतात हे मला नंतर कळलं. शिमग्याच्या दोन दिवस आधी फाट्यावर गाडीची वाट बघत असताना डोंगराकडून बारीक हाक ऐकू आली. दोनदा. मला वाटलं, हेरायचं तर माघातच संपलं, आता चैत्राच्या आधी बायका कशाला गेल्या असतील? तेवढ्यात गाडी आली आणि मी चढले.

होळीला वनीच्या होणाऱ्या सासरहून बोलावणं आलं. तिच्याबरोबर कुणी मैत्रीण हवी म्हणून मी गेले. दिवेलागणीची वेळ, खाडीवरून खारा वारा येत होता, पूर्वेला पौर्णिमेचा चंद्र वर येत होता. गावाच्या मध्ये होळी उभी केली होती. मी आधी फुलंच बघितली. शेंड्याला अजून टवटवीत होती. माणसं कौतुकानं माना मागं टाकून बघत होती. नवरामुलगा नवा शर्ट घालून सगळ्यांना सांगत फिरत होता, ‘अख्ख्या खारेपाटात असं झाड आलं नाय.’ आणि खरंच आलं नव्हतं. मी प्रदक्षिणेला पुढं गेले आणि खोडावर तासलेल्या काट्यांची ओळ दिसली. सरळ. मी पलीकडून जाऊन बघितलं. वाकडी ओळही होती.

मी वनीकडं बघितलं. तिच्या हातात पुरणपोळीच्या नैवेद्याचं ताट होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ताटावरचा रुमाल सारखा केला. तो आधीच सारखा होता. मग गवत पेटलं, बोंबा सुरू झाल्या, आणि त्या गोंगाटात कुणाला काही विचारायची सोयच राहिली नाही. परत येताना ट्रॅक्टरमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. आमच्या गुडघ्याला गुडघा लागत होता. मला वाटत होतं, आता बोलेल. आता सांगेल की त्यानं विचारलं, मी फसले, तोंडातून निघून गेलं. मी माफ केलं असतं की नाही ते माहीत नाही, पण ऐकून घेतलं असतं.

माझी समजूत होती, तोंडातून निघून गेलं असेल. मग लक्षात आलं की नुसतं सांगून ते झाड सापडत नाही. आम्हालाच तासभर लागला होता. कुणीतरी धारेवर उभं राहून हाका दिल्याशिवाय ती पोरं त्या खळग्यात पोचलीच नसती. फाट्यावर मी ऐकलेली हाक कुणाची होती, ते तेव्हा माझ्या डोक्यात उतरलं.

दुसऱ्या दिवशी धुळवड. खारेपाटातल्या होळीत आमची सावर गेल्याची बातमी सकाळीच गावात पोचली होती. दुपारी गावातल्या बायका आमच्या अंगणात आल्या. त्यांच्यात ठमाकाकू पुढं, डोंगरावर जाणाऱ्यांत सगळ्यांत वयस्क आणि सगळ्यांत कमी बोलणारी. वनी आणि तिची आईही आल्या होत्या. आई ओटीवर बसून उशीची खोळ शिवत होती.

‘झाड दोघींना ठावं व्हतं,’ ठमाकाकू म्हणाली. ‘धारेवर कोन उभं ऱ्हायलं?’

‘मी नाही,’ मी म्हणाले. ‘मी कॉलेजात होते.’

‘कॉलेजातून कवा येतीस नि कुठनं येतीस, कोनाला ठावं? गाडीत खारेपाटातली पोरं असतात.’

मी वनीकडं बघितलं. सगळ्यांनी बघितलं. ती हळू पण स्पष्ट आवाजात म्हणाली, ‘साखरपुड्यापासनं उशांसाठी गेले ते नि कालची होळी सोडून मी उंबरा ओलांडला नाय.’

मी तिचं नाव घेऊ शकत होते. घेतलं नाही. मला वाटलं, नाव तिनं स्वतः घ्यावं. इतकी मूर्ख मी होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशातला प्रकार, फक्त संन्यासी स्वतःहून दोरीखाली जाऊन उभा राहिलेला. मी आईकडं बघितलं. ती खाली मान घालून टाके घालत होती. एवढंच म्हणाली, ‘झालं ते झालं. आता काय झाड परत उभं ऱ्हानार हाय?’

म्हणजे आईलाही ते खरं वाटलं. मी आत गेले आणि फणसाच्या पाटावर बसून राहिले.

मला राग आला होता. अजून येतो. लोक म्हणतात काळ हे औषध आहे. मी तीस वर्षं घेते आहे, गुण नाही. झाड गेलं याचा राग थोडा. झाडं होळीत जातात, पावसात पडतात, वणव्यात जळतात. राग याचा, की ज्या आवाजावर मी डोळे मिटून चालले, तो आवाज दुसऱ्याच कुणाला वाट दाखवत होता, आणि मी फाट्यावर उभी राहून तो ऐकत होते.

चैत्रात बायका डोंगरावर गेल्या. मला कुणी बोलावलं नाही. मी ठमाकाकूच्या दारात बोंडं उतरवायची आकडी घेऊन उभी राहिले, तेव्हा ती म्हणाली, ‘तुज्यासंगं धारेवर कोन उभं ऱ्हाईल गो?’ वाईट बोलली नाही. खरंच विचारलं तिनं. आणि खरंच कुणी राहिलं नसतं. एकट्या बाईला सावर सापडत नाही. तरी मी एकदा गेले, पुढच्या माघात, कुणाला न सांगता. सोंडेवरून मला दोन तांबडी झाडं दिसली. उतरले, आणि दुपारपर्यंत खोडांमधून फिरले. आगगाडीची शिटी ऐकून पेण ओळखलं, रोहा ओळखला, पण झाड कोणत्या अंगाला ते सांगायला कुणी नव्हतं. फुलं खाली पडलेली सापडली असती तरी चाललं असतं. ती पण सापडली नाहीत. मी वहाळात बसून भाकरी खाल्ली आणि खाली आले.

त्यानंतर लग्न होईपर्यंत मी दर माघात अंगणातून त्या हाका ऐकल्या. पेणंकडंऽऽ, रोह्याकडंऽऽ. धुणं वाळत घालताना, वाल पाखडताना. वाऱ्यानं हाक कधी जवळ यायची, कधी नाहीशी व्हायची. माझे पाय जागच्या जागी वळायचे.

वनीच्या लग्नाला मी गेले नाही. ताप आल्याचं सांगितलं. आई गेली. त्या वर्षी कापूस कमीच आला होता. माझ्या लग्नासाठी म्हणून आईनं चार वर्षं गाठोड्यात बांधून ठेवलेला कापूस तिनं सोडला आणि वनीच्या उशा भरल्या. मी दारात उभी राहून बघितलं. आईनं शेवटचा टाका घातला, खोळीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं न बघता उशा बाजूला ठेवल्या. मला तेव्हा वाटलं, ही मला शिक्षा आहे.

पुढं माझं लग्न रोह्यात झालं. माणसं चांगली मिळाली. उशा बाजारातल्या मिळाल्या. एका शाळेत मी नोकरी केली, मुलं वाढवली, सगळं काही केलं. फक्त एक खोड लागली. कुणी ‘मी आहे ना’ म्हटलं की मी आधी मागं वळून दुसरी वाट बघून ठेवते. नवरा थट्टा करतो, म्हणतो, तू देवळातसुद्धा चपला दोन ठिकाणी काढशील. मी हसते. तो बिचारा कधीच चुकला नाही, पण त्याच्या वाट्याला वनीवरचा उरलेला अविश्वास आला.

आणि आई. तिच्याशी माझं भांडण कधी झालं नाही. दर सणाला गेले, औषधपाणी बघितलं, साड्या नेल्या. पण तिच्याजवळ मन मोकळं करायचं मात्र थांबवलं. पोटच्या पोरीवर जिनं विश्वास ठेवला नाही तिला काय सांगायचं? ती कधी विचारायची, ‘बरी हायस ना?’ मी म्हणायची, ‘बरी आहे.’ असे आमचे दोघींचे तीस वर्षांचे संवाद.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ती माझ्याकडं रोह्याला राहायला आली. फाल्गुनच होता. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला होता, आणि दर चार तासांनी थेंब घालायचे होते. एका दुपारी ती पलंगावर पडल्यापडल्या म्हणाली, ‘वनीचा फोन आलता. नात झाली तिला.’

‘बरं,’ मी म्हणाले.

‘अजून राग हाय?’

‘तिनं एकदा तरी कबूल करायला हवं होतं.’

आईनं काळा चष्मा नाकावर सारखा केला. मग म्हणाली, ‘केलं व्हतं. माज्याकडं.’

मी हातातल्या टॉवेलची घडी करता करता थांबले. ‘कधी?’

‘धुळवडीला. उजाडायच्या आत, मागल्या दारानं आली. पायाशी बसून रडली. म्हनली, धारेवर मीच व्हते. त्यानं सांगितलं, यंदा झाड नाय आनलं तर सासरी तुला काय मान नाय. म्हनून गेली ती.’

मी हिशेब लावला. बायका आल्या त्या दुपारी. ‘म्हणजे अंगणात सगळ्या जमल्या तेव्हा तुला माहीत होतं.’

‘व्हय.’

‘आणि ती उंबऱ्याचं बोलली ते?’

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

‘ते मीच शिकवलं तिला. म्हटलं, कोनी इचारलं तर असं सांग नि गप ऱ्हा.’

मी पलंगाच्या कडेला बसले. तीस वर्षं मी समजत होते, आईला माझं खरं वाटलं नाही. तिला पहिल्यापासून माहीत होतं. वनीचं वाक्य आईचं होतं. खाली मान घालून ती टाके घालत होती, ते वाक्य बरोबर पडतंय का ते ऐकत.

‘का?’ मी विचारलं.

‘तिला बाप नव्हता गो. गावच्या बायका फिरल्या असत्या तर तिच्या हळदीला कोन आलं असतं? खारेपाटवाल्यांनी चार दिसांत निरोप धाडला असता, सोयरीक नको म्हनून. पोर मोडली असती. तुला आय व्हती, बाप व्हता, कॉलेज व्हतं. तू तगनारी.’

तगणारी. हे तिनं कौतुकानं म्हटलं. मी किती सोसेन याचा अंदाज तिनं घेतला, आणि तो बरोबर निघाला. तिच्यापाशी एकदाच मन मोठं करायची सोय होती आणि ते तिनं वनीसाठी केलं. त्याचं मोल माझ्याकडून घेतलं, मला न विचारता. चांगुलपणानं केलेला विश्वासघात असतो, त्याच्यावर रागवायचं कसं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

थेंबांची वेळ झाली होती. मी हात धुतले, बाटली घेतली, तिचा चष्मा काढला. तिनं मान मागं टाकली. खालची पापणी ओढून मी एक थेंब सोडला. तिनं डोळा मिटून घेतला आणि औषध कडेनं ओघळलं. मी ते कापसानं टिपलं.

‘मी पण मोडले होते, आई,’ मी म्हणाले. ‘तुला दिसलं नाही.’

तिनं मिटलेला डोळा उघडला नाही. तिचा हात माझं मनगट शोधत आला आणि त्यावर पडून राहिला.

‘दिसलं व्हतं,’ ती म्हणाली.